ओळखीपुरतं लंगडणं

"हा कोण चालतोय?" मीटरकाकांनी विचारलं.

खोलीत त्या घडीला चालणारे ते एकटेच होते. दोन समांतर दांड्यांच्या मधून, दांड्यांना हात न लावता ते आरशापर्यंत गेले, वळले आणि परत आले. भिंतीलगतच्या बाकावर पाय बसवून घ्यायला आलेली तीन माणसं आपली पाळी विसरून त्यांच्याकडे बघत होती. त्यांतल्या एकाने टाळ्या वाजवल्या, मग इतर दोघांनीही.

मापबाई जमिनीवर बसून नव्या पायाच्या टाचेवर नजर ठेवून होत्या. टाच टेकली, वजन पुढे सरकलं, चवडा सुटला. डाव्या आणि उजव्या पावलाचा आवाज सारखा, मधलं अंतर सारखं. बावीस वर्षांत इतके नेमके पाय फार तर दहा-बारा जमले असतील.

"तुम्हीच चालताय, काका," त्या म्हणाल्या. "दुसरं कोण?"

"छे. मी नाही हा." मीटरकाकांनी मान तिरकी करून आणखी दोन पावलं टाकली आणि कान देऊन ऐकलं. "हा कुणीतरी वरचा साहेब आहे. मीटर वाचायला नाही, कापायला आलेला."

बाकावरची माणसं हसली. मापबाईही हसल्या आणि त्यांनी नोंदवहीत लिहिलं : लांबी उजव्या पायाइतकी, चाल उत्तम, तक्रार नाही. शेवटचे दोन शब्द चुकीचे होते हे त्यांना नऊ दिवसांनी कळलं.

मापबाई पदार्थविज्ञान शिकल्या होत्या आणि पाय बनवायला लागल्या होत्या. दवाखान्याच्या मागच्या बाजूला, कपडे धुण्याच्या खोलीशेजारी त्यांचा कारखाना होता. कारखाना म्हणजे एक लांब टेबल, एक भट्टी, प्लास्टरची पोती आणि भिंतीवर टांगलेली पावलं. एवढ्या पसाऱ्यात त्यांच्या हाताला मोजपट्टी मात्र कधी शोधावी लागत नसे. घरीही त्यांची तीच तऱ्हा. "आमची सून गळ्यात पडली तरी छातीचं माप घेऊन उठेल," असं सासूबाई आल्यागेल्याला सांगत. नवरा जाऊन आठ वर्षं झाली होती. सासू-सुना दोघीच राहत आणि दोघींचं बरं चाललं होतं.

मीटरकाकांनी चाळीस वर्षं विजेचे मीटर वाचले होते. अर्ध्या गावाचे जिने त्यांना पाठ होते. साखरेने डावा पाय काळा पडला आणि गुडघ्याखाली चार बोटं सोडून तो कापावा लागला, तेव्हा त्यांनी डॉक्टरांना पहिला प्रश्न विचारला तो पाय परत मिळण्याबद्दल. ते यहुदी होते. त्यांच्यात शरीराचा तुटलेला भागही मातीत जपून ठेवतात, कारण मशीहा येईल आणि मेलेले उठतील त्या दिवशी माणूस अख्खा उठायला हवा. समाजातले दोन वयस्कर गृहस्थ लाकडी पेटी घेऊन आले, फॉर्मवर सह्या झाल्या आणि काकांचा पाय काकांच्या आधी दफनभूमीत गेला. बायकोच्या कबरीशेजारी त्यांनी स्वतःसाठी राखून ठेवलेल्या जागेच्या पायथ्याशी.

"लोकांचा एक पाय कबरीत असतो म्हणतात," ते दवाखान्यात सगळ्यांना सांगत, "माझा पावतीसकट आहे."

नऊ दिवसांनी ते आले ते मधल्या सुट्टीत, मापबाई डबा उघडत असताना. स्टुलावर बसले, टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.

"पोरी, पाय छान आहे," ते म्हणाले. "तक्रार करायला आलो नाही. फक्त तो जरा बिघडवून दे."

मापबाईंनी डब्याचं झाकण परत लावलं. "टोचतो का?"

"टोचत नाही."

"मग सैल झालाय?"

"सैलबिल काही नाही. सरळ चालतो, तीच भानगड आहे." काकांनी घसा साफ केला. "परवा मी माझ्या जिन्यात चढतोय, आणि शेजारीण दार उघडून विचारते, कोण पाहिजे? एकतीस वर्षं शेजारी राहणारी बाई. मला बघून बिचारी ओशाळली. म्हणाली, वाटलं कुणी परका माणूस वर येतोय."

मग मापबाईंना कळलं की काका जन्मभर लंगडत होते. आठव्या वर्षी भिंतीवरून पडले, डाव्या नडगीचं हाड मोडलं, आणि ज्याने बसवलं त्याने आखूडच बसवलं. ते आखूड हाड आता पेटीत होतं. काका पहिल्यांदा कारखान्यात आले ते कुबड्यांवर, त्यामुळे चाल कुणी पाहिलीच नव्हती. मापबाईंनी उजव्या पायाचं माप घेतलं आणि डावा तितकाच केला, रीतसर. काकांनीही काही सांगितलं नाही. त्यांना लंगडणं आपल्या नाकासारखं वाटत असावं. मला नाक आहे हं, असं कुणी डॉक्टरला सांगत नाही.

"अहो काका, पण मग चांगलंच झालं की," मापबाई म्हणाल्या. "एकाहत्तराव्या वर्षी सरळ चालताय. लोक नवस करतात."

"लोकांना करू दे. मी उठेन तेव्हा माझं काय होईल ते सांगतो." काका स्टूल पुढे ओढून बसले. कुणाच्या घरचा मीटर जास्त का पळतो हे समजावताना बसत असतील तसे. "आमची जुनी माणसं सांगायची. मेलेले उठतील ते आधी जसेच्या तसे उठतील. लंगडा लंगडा, आंधळा आंधळा. का? तर आपल्या माणसांनी ओळखावं म्हणून. नाहीतर कुणीही येऊन म्हणेल, मी तुझा नवरा. एकदा ओळख पटली, की मग सगळे बरे होणार. आधी ओळख, मग इलाज. तुमच्या दवाखान्यासारखंच, केसपेपर आधी."

"मग अडचण काय? तुमचा खरा पाय तिथे आहेच. तोच आखूड पाय घेऊन उठाल."

"पाय उठेल गं. पण लंगडणं काय पायात असतं? ते डोक्यात असतं. चार-पाच वर्षं तुझ्या या साहेबी पायावर सरळ चाललो, तर मी लंगडायचं विसरेन. आणि जाताना जसा असेन तसाच उठेन."

मापबाई यावर हसणार होत्या, पण हसल्या नाहीत. काकांचं म्हणणं शास्त्राला धरून होतं. चाल डोक्यातच असते. नव्या पायाची चाल सहा आठवड्यांत अंगवळणी पडते आणि जुनी पुसली जाते, हे त्यांनी स्वतःच कितीतरी जणांना मोठ्या आनंदाने सांगितलं होतं.

"पण काकू तुम्हाला बघून ओळखतीलच ना," त्या म्हणाल्या.

"शेवटची नऊ वर्षं तिला दिसत नव्हतं," काका म्हणाले. "मी मगाशी काय सांगितलं? आंधळा आंधळाच उठेल. ती उठेल तेव्हा आधी तिला दिसणारच नाही. तिला फक्त ऐकू येईल. केवढी गर्दी असेल, सगळी माणसं एकदम उठलेली, जो तो आपल्या माणसाला शोधतोय. त्यात मी हा असा, टक टक, टक टक, बँकेतल्यासारखा तिच्या समोरून गेलो तर ती मला हाक मारेल का?"

मापबाईंनी डबा बाजूला सरकवला.

"चार मजल्यांच्या जिन्यात सोळा बिऱ्हाडं," काका म्हणाले. "पण मी पहिल्या पायरीवर असताना तिला कळायचं."

"पाय आखूड करता येणार नाही, काका," मापबाई शेवटी म्हणाल्या. "कंबर तिरकी होईल, मणक्यावर ताण येईल. मी जाणूनबुजून तुमचं वाईट करायचं का?"

"विचार कर," काका टोपी घालत म्हणाले. "मला घाई नाही. देवाला असली तर माहीत नाही."

संध्याकाळी जेवताना मापबाईंनी सासूबाईंना हे सगळं सांगितलं. सासूबाई नेमाने चर्चला जात आणि शेवटच्या दिवसाच्या बाबतीत घरातल्या अधिकारी व्यक्ती त्याच होत्या. त्यांच्या पलंगाखाली पॉलिश केलेले बूट तयार असत. मेलेल्यांना उठवणारा कर्णा वाजला तर बूट शोधत बसायला नको.

"काहीतरीच," त्या म्हणाल्या. "लंगडाबिंगडा कुणी उठत नाही. नवं शरीर मिळणार. झळझळीत. ना दुखणं, ना खुपणं. माझे हे गुडघे तिथे नसणार, एवढ्यासाठी तर मी जातेय."

"सगळ्यांना नवं शरीर?"

"सगळ्यांना."

"मग ओळखायचं कसं हो कुणाला?"

सासूबाईंचा घास हातात राहिला. हा प्रश्न त्यांना चर्चच्या पाळकांनी कधी विचारला नव्हता. "तुझे सासरे घोरायचे," त्या म्हणाल्या. "पण नव्या शरीरात घोरणं देतील असं वाटत नाही."

"नाही देणार."

"आणि माझा मुलगा म्हणशील तर मी त्याला ओळखेन. माझ्या पोटचा आहे. झळझळला म्हणून काय झालं?" मग सुनेकडे बघत त्यांनी आवाज हळू केला. "तू कशावरून ओळखशील?"

मापबाईंना विचार करावा लागला नाही. "उजवा खांदा दोन सेंटिमीटर खाली होता," त्या म्हणाल्या. "कोट शिवताना शिंपी नेहमी तिकडे जास्तीचा कापूस भरायचा. मला ते आवडायचं नाही. कोट काढला की बरा दिसायचा."

आठ वर्षांत त्या हे कुणापाशी बोलल्या नव्हत्या. सासूबाईंनी त्यांच्या ताटात आणखी भाजी वाढली आणि म्हणाल्या, "दे बाई त्या माणसाला त्याचा लंगडेपणा. वर गेल्यावर काय व्हायचं ते होईल, दोन्ही बाजूंची मोठी माणसं बघून घेतील."

पण मापबाईंना असं नुसतं देऊन टाकता येणार नव्हतं. दुसऱ्या दिवशी त्या जुन्या फायलींच्या खोलीत गेल्या आणि तासाभराने केसांत धूळ घेऊन बाहेर आल्या. हातात ऑपरेशनच्या आधीचे काकांचे एक्स-रे होते. खिडकीच्या काचेवर लावून त्यांनी दोन्ही नडग्या तीनदा मोजल्या. डावी चौदा मिलिमीटर आखूड. मोडलेलं हाड जिथे जुळलं होतं तिथे ते जाड होतं, गाठ मारलेल्या दोरासारखं.

मग त्यांनी काकांना बोलावलं, दवाखान्यातल्या तरुण डॉक्टरांनाही बोलावलं, आणि काकांना उलट प्रश्न विचारला. "पाठ दुखते का?"

काका छताकडे बघू लागले. "थोडी."

"कधीपासून?"

"हा पाय आल्यापासून. मला वाटलं, नव्या बुटासारखं असेल."

"सांगितलं का नाहीत?"

"मी आधीच एक तक्रार घेऊन आलो होतो. एका फेरीत दोन बऱ्या दिसत नाहीत."

मापबाईंनी चौदा मिलिमीटर जाडीची फळी काकांच्या उजव्या बुटाखाली सरकवली आणि डॉक्टरांना मागे उभं केलं. कंबर सरळ असलेली बरी, की पहिल्यासारखी तिरकी? डॉक्टर वाकून बघत राहिले. फळी सरकली तशी कंबर डावीकडे उतरली, पण वरचा पाठीचा कणा सैल झाला, दोन्ही खांदे एका रेषेत आले आणि काकांनी नकळत मोठा श्वास सोडला.

"त्रेसष्ट वर्षं शरीराने याच फरकावर आपला तोल बांधलाय," मापबाई म्हणाल्या. "मी तो एका दिवसात काढून घेतला. चूक माझी आहे."

डॉक्टरांनी डोकं खाजवलं. काकांची हकिकत एव्हाना साऱ्या दवाखान्यात पसरली होती. "मापबाई, पण कागदावर मी काय लिहू? मशीहासाठी चौदा मिलिमीटर?"

"कागदावर पाठीसाठी लिहा, डॉक्टर. ते खरं आहे."

"आणि दुसरं?"

"दुसऱ्यासाठी आपल्या फॉर्मवर रकाना नाही."

डॉक्टर हसले आणि त्यांनी सही केली.

नव्या पायातली धातूची नळी कापणं हे काम सोपं, पण कापलेलं परत जोडता येत नाही. म्हणून मापबाईंनी एकदम चौदा कापले नाहीत. आधी नऊ कापले. काका दांड्यांमधून डोळे मिटून चालले.

"कोण?" मापबाईंनी विचारलं.

"साहेबच आहे. पण आता त्याची बदली झालीय."

आणखी तीन कापले. काका गेले आणि आले. "हा माझा थोरला भाऊ. तोही जरा असाच चालायचा, पण तो ढोंग करायचा."

आणखी दोन. आता चौदा पुरे झाले होते. काका आरशापर्यंत जाऊन परत आले आणि त्यांनी डोळे उघडले. चेहऱ्यावरूनच कळलं.

"जवळ आलाय," ते हळूच म्हणाले. "पण मी नाही."

मापबाईंनी आकडे परत पाहिले. लांबी बरोबर, वजन बरोबर. मग एक्स-रेत न दिसणारं असं काय राहिलं? त्या दांड्यांखाली मांडी घालून बसल्या आणि बराच वेळ त्या पावलाकडे बघत राहिल्या. ते नाकासमोर, सरळ चाललं होतं, सगळी पावलं त्या बसवत तसं.

"काका, तुमचे जुने बूट टाकून दिलेत का?"

"बूट कोण टाकतं?"

दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रात गुंडाळलेले बूट आले. मापबाईंनी डावा बूट उलटा केला आणि त्यांना हायसं वाटलं. टाच बाहेरच्या कडेला सहा मिलिमीटर झिजली होती, चवडा आतल्या बाजूला. चाळीस वर्षांचे जिने त्या तळव्यावर स्वच्छ लिहिलेले होते. हा पाय नुसता आखूड पडत नव्हता. तो जरा बाहेर वळून पडत होता आणि उचलताना किंचित घासत होता. त्यांनी झिजेच्या रेषेवर कोनमापक ठेवला, पाऊल सात अंश बाहेर वळवलं आणि टाचेखालचं रबर काढून जुन्या बुटासारखं चामडं लावलं.

काकांनी डोळे मिटले. एक फेरी झाली. दुसरी झाली. टक, मग जरा थांबून, घासत, ठप. टक, घासत, ठप. कपडे धुण्याच्या खोलीतल्या बाया दारात येऊन उभ्या राहिल्या होत्या. तिसऱ्या फेरीत काकांची चाल वाढली आणि हात सुटे झाले, बाहेरून घरी येणाऱ्या माणसाचे होतात तसे. ते दांड्यांच्या टोकाशी थांबले.

"आलो," ते म्हणाले.

कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. मापबाईंनी नोंदवहीत लांबी लिहिली, कोन लिहिला, आणि 'चाल' या रकान्यासमोर बराच वेळ पेन धरून शेवटी लिहिलं : स्वतःची.

एक काम उरलं होतं. पाय खडबडीत जमिनीवर तपासल्याशिवाय तो पेशंटला कायमचा देत नसत. एरवी ही तपासणी दवाखान्याच्या मागच्या अंगणात होई. काकांनी विचारलं, खडी कुठलीही चालेल का. मापबाई म्हणाल्या, चालेल.

रविवारी दुपारी त्या यहुदी दफनभूमीच्या फाटकाशी पोचल्या तेव्हा सासूबाईही बरोबर होत्या. सकाळी चर्च झालं होतं आणि त्यांना पाय बघायचा होता. काका आधीच आले होते, ठेवणीतला कोट घालून.

"तुम्ही ते नवं शरीरवाले," काका सासूबाईंना म्हणाले.

"आणि तुम्ही ते जुनंच बरंवाले," सासूबाई म्हणाल्या. "मी पाळकांना विचारलं हो तुमचं. ओळखायचं कसं म्हणून."

"काय म्हणाले?"

"म्हणाले, त्याची काळजी देवाला. मी म्हटलं, देवाला सगळे एकदम बघायचेत, मला माझे तिघंचौघं. मग म्हणाले, पुढच्या रविवारी सांगतो."

काका मनापासून हसले. "तुमच्याकडे कर्णा वाजणार ना? आमच्याकडे शिंग. दोन्ही एकदम वाजली तर?"

"तर कुणी झोपून राहणार नाही एवढं खरं," सासूबाई म्हणाल्या. "गडबडीत इकडे-तिकडे भेट झाली तर सुनेला माझी खूण सांगा. नाहीतर ती सगळ्यांची मापं काढत बसेल."

फाटकापासून कबरीपर्यंत खडीची वाट होती, साठ-सत्तर पावलांची, दोन्ही बाजूंना दगडी थडगी. मापबाईंनी नियमाप्रमाणे पाय अडकवायच्या खोबणीचा पट्टा तपासला आणि बरोबर चालायला निघाल्या. काकांनी हात वर करून त्यांना थांबवलं.

"तू इथूनच बघ, पोरी. दोघांची पावलं झाली तर गोंधळ होईल."

ते एकटे निघाले. खडीवर आवाज मोठा होत होता. टक, घासत, ठप. मापबाई सवयीने कंबर बघत होत्या, गुडघा बघत होत्या, वळणावर तोल जातो का ते बघत होत्या. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण बघायचं सोडून नुसतं ऐकतो आहोत. सासूबाईही डोळे मिटून ऐकत होत्या.

काका बायकोच्या दगडापाशी पोचले. ते बसले नाहीत, वाकलेही नाहीत. त्यांनी कोटाची बटणं लावली, टोपी सारखी केली. मग आतल्या माणसाला पावलं ऐकू गेली आहेत आणि आता फक्त दार उघडायचा अवकाश आहे, अशा वेळी माणूस दाराबाहेर उभा राहतो तसे ते उभे राहिले.